पाहुण्याचं पहिलं न्हाणं

…आणि वर म्हणे, युद्ध संपलं! कुणाचं संपलं हो? ऑगस्टात एकदा माझ्या घरी जेवायला या आणि मग सांगा… नाही, हसू नका, तुम्हाला सांगते, तो पाहुणा आला नसता तर मी हे कुणापुढे बोललेही नसते, पण वॉर्डाच्या मैत्री मंडळाला दुसरं घर सुचलं नाही, अख्ख्या नागासाकीत एवढ्या टेकड्या, एवढ्या पायऱ्या, आणि अमेरिकेतला इतिहासाचा मास्तर नेमका माझ्याच पायऱ्या चढून वर आला, घामानं निथळत, हातात बिस्किटांचा डबा, आणि कमरेत वाकून म्हणतो, "आपल्या आदरातिथ्याबद्दल मी कृतज्ञ आहे." आमची भाषा बोलतो, पण रेडिओवर बातम्या दिल्यासारखी. नाव हॅल्व्होर्सन. हे नाव माझ्या तोंडात मावतं का? मी आपली मास्तर म्हणते.

माणूस वाईट नव्हता हो, तेच तर दुःख. वाईट असता तर बिस्किटांसकट परत धाडला असता. बूट काढून आत आला, देव्हाऱ्यापुढे बसला, माझ्या किनुएताईच्या फोटोला हात जोडले, आणि विचारतो, फोटोपुढे हा पाण्याचा पेला कशासाठी? मी सांगितलं, बॉम्ब पडला त्या दिवशी ती पाणी पाणी करत होती, पाणी दिलं तर मरेल म्हणून लोकांनी मला देऊ दिलं नाही, आणि तरी मेलीच, म्हणून आता रोज ठेवते, पी बाई पोटभर. मास्तरनं परत हात जोडले. मला वाटलं, चला, कळलं बिचाऱ्याला. कसलं कळतंय! जेवायला बसलो, मी भाजलेला मासा वाढतेय, आणि यानं जेवायच्या काड्या खाली ठेवून बातम्या सुरू केल्या… घटना अत्यंत दुःखद होती, परंतु युद्ध संपवण्यासाठी अन्य मार्ग उपलब्ध नव्हता, अन्यथा उभय बाजूंचे लाखो लोक मेले असते. माझा मासा पुढ्यात असताना!

बरं, त्याचं एक वेळ सोडा, तो लांबून आलाय, पुस्तकं वाचून आलाय. पण आमचे हे! मासुओ! भात चावता चावता मान डोलावतायत! "खरं आहे मास्तर, माझंच बघा ना…" झालं! माझंच बघा ना! हे लग्न ठरवायला आले होते तेव्हापासून मी हेच ऐकतेय. म्हणजे काय, की हे तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर, इथेच जवळच्या खाडीवर यांना आरमारवाले प्लायवूडच्या होडीत दारूगोळा भरून शत्रूच्या जहाजावर नेऊन आदळायला शिकवत होते, परत यायचं शिकवत नव्हते, आणि यांची पाळी यायच्या आत युद्ध संपलं. कशामुळे संपलं, तर तो बॉम्ब पडला म्हणून. म्हणजे ताईवर पडला म्हणून हे वाचले!

आता तुम्हीच सांगा, या वादात मी बोलू काय? युद्ध तसंही संपतच आलं होतं, असं म्हणणारे आहेत की शहाणे, रशियाही युद्धात उतरला होता, पोटाला अन्न नव्हतं, हे सगळं मला पाठ आहे, पण हे आपले शांतपणे विचारतात, "आणि चार आठवडे उशिरा संपलं असतं तर?" तर काय! तर हे होडीत! म्हणजे वाद जिंकायचा तर मी नवऱ्याच्या तोंडावर म्हणायचं की तुम्ही मेला असतात तरी चाललं असतं. आणि नाही म्हटलं तर ताईकडे कुठल्या तोंडानं बघू? अशी कात्री आहे बघा. मला एवढंच हवं होतं, की त्या फोटोसमोर बसून तरी हे बोलू नये यांनी. तर पाहुण्यासमोर बोलले! आणि युद्ध संपलं म्हणे!

तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाहुण्याला बोलता येत नाही ना! म्हटलं थांब, न्हायला तर जाशील. आमच्याकडे एकाच हौदाच्या पाण्यात सगळे पाळीपाळीनं बसतात, पहिलं न्हाणं पाहुण्याचं, मग नवऱ्याचं, शेवटी, सगळ्यांचं झालं की, घरच्या बाईचं. आमचा हौद अजून लाकडावर तापतो, चूल बाहेरच्या बाजूला, वर एक खिडकी. जाळ घालणारीनं खिडकीखालून विचारायचं, पाणी कसं आहे, आणि आतल्यानं म्हणायचं, अगदी हवं तसं आहे. मग ते थंडगार असो नाहीतर उकळतं असो, दुसरं उत्तरच नसतं. आणि ते उत्तर यांनी मास्तरला दुपारीच पढवलेलं!

मी कवेत मावतील तेवढी लाकडं आणली. आत पाण्यात उतरल्याचा आवाज आला. मी गोड आवाजात विचारलं, "पाणी कसं आहे?"

आतून बातम्या, "अगदी हवं तसं आहे. मी कृतज्ञ आहे."

कृतज्ञ का? घे लाकूड! "दुसरा मार्ग नव्हता ना मास्तर?" घे लाकूड! "पाणी लवकर तापवायचं तर जाळ मोठाच लागतो ना? थोडं सोसावंच लागतं ना लाखोंसाठी?" आतून आवाज, जरा किरटा, "अगदी… हवं तसं…" आणि मग माझं तोंड जे सुटलं! ताईच्या केसांना कसा वास येत होता, माझं नाव घेताना तिचे ओठ कसे हलत नव्हते, जे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, ते सगळं मी त्या खिडकीला सांगितलं, रडत रडत, आणि मधे मधे लाकूड! किती बरं वाटत होतं म्हणून सांगू! कुणीतरी भाजतंय, कुणीतरी ऐकतंय!

तेवढ्यात मागून आवाज, "आपणास साहाय्य हवे आहे का?"

वळून बघते तर मास्तर. कोरडा ठणठणीत. हातात कलिंगडाची फोड.

म्हणजे आत कोण?… खिडकीत तोंड आलं, उकडलेल्या कोळंबीसारखं लालभडक. आमचे हे! मी ओरडलेच, अहो, पाहुण्याच्या आधी तुम्ही कसे न्हायला बसलात, आणि वर मास्तरच्या आवाजाची नक्कल? तर म्हणतात, "तू एरवी लाकूड जपून टाकतेस. आज कवेत भरून आणलंस. तेव्हाच म्हटलं, मास्तरचं काही खरं नाही."

"मग बाहेर का नाही आलात? हाक का नाही मारलीत?"

तर हा माणूस, कानांतून वाफ निघतेय, आणि म्हणतो, "तुझं बोलून व्हायचं होतं ना गं."

मग खिडकीतूनच, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी जगलो याचा मला आनंद होतो, फुसाए. काय करू? आणि तो झाला की तुझ्या ताईच्या फोटोकडे बघवत नाही. म्हणून मोठ्यानं बोलतो." एवढंच. चुकलो, असं नाही म्हणाले. माझं बरोबर, असंही नाही म्हणाले. मास्तर आपला कलिंगडाची फोड हातात धरून उभा, त्याच्या पुस्तकात हे नसावं.

मास्तरनं पाण्यात एक बोट बुडवलं आणि अंग पुसून घेतलं. शेवटी माझी पाळी. पाणी काय निवलं असणार! माझीच लाकडं, माझाच जाळ, उतरले तर बोटांपासून मानेपर्यंत नुसती आग आग. आणि तुम्हाला सांगते, एवढ्या वर्षांत जे कधी झालं नाही ते झालं, खिडकीखाली पावलं वाजली, आणि आमचे हे, अगदी गोड आवाजात, "पाणी कसं आहे?"

आता दुसरं उत्तर असतं का?

म्हटलं, अगदी हवं तसं आहे.

आणि ऐकते तर काय… यांनी खालून आणखी एक लाकूड सारलं. युद्ध संपलं म्हणे!