औषध भुकेवर, सासूवर नाय

...आणि वर घरचे मलाच म्हणतात, आबा, तुम्ही शांत राहा. कसा राहू? तुम्हाला सांगतो, हयात गेली छावणीच्या बाजारात बैलांचा व्यापार करण्यात. शाळा दुसरीपर्यंत. पण दात बघितल्याशिवाय बैलाच्या कासऱ्याला हात लावला नाय. दात बघायचे, चालवून बघायचं, पुढ्यात वैरण टाकायची, खातो का बघायचं, मग भावाला तोंड उघडायचं. असा माणूस मी. आणि म्हातारपणी पैसा कशात घातला? तर शेअरात. कसल्या? तर माणसं बारीक करायची सुई बनवणाऱ्या कंपनीच्या. माल बघितला? नाय. आता बोला.

हे सगळं आमच्या प्रणयचं काम. प्रणय म्हणजे माझा थोरला, वाळूजला नोकरीला, मोबाईलमधून शेअर घेतो. म्हणाला, आबा, लठ्ठपणावर औषध निघालंय, आठवड्याला एक सुई टोचली की माणसाची भूकच जाते, कंपनी लई वर जाणार. मी म्हणालो, म्हणजे माणूस पैसे देऊन उपाशी राहणार? म्हणाला, व्हय. अरे, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही ते फुकट केलं. तेव्हा कुणी शेअर काढला नाय.

हसलो मी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उस्मानपुऱ्यात ओट्यावर बसलो आणि फिरायला जाणारी माणसं बघितली. तुम्हाला सांगतो, एक गडी धड नाय. पोट आधी चौकात पोचतं, मालक मागनं येतो. बायांचं बोलत नाय, मला घरात राहायचंय. आणि ही सगळी फिरून जातात कुठं? कोपऱ्यावर जिलेबी खायला. मनात म्हटलं, गिऱ्हाईक तर गावभर मोकळं फिरतंय. प्रणयला सांगितलं, घे. वैजापूरचा गोठा विकला होता, तो सगळा पैसा त्यात घातला.

केसरबाई, म्हणजे आमची घरधनीण, ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माल बघितला का?"

बस, तेवढंच. पण मग रोज. चहा देताना, दिवा लावताना, माल बघितला का. आणि माल बघावा तर कुठं? प्रणयला म्हटलं, कंपनीत घेऊन चल. म्हणाला, आबा, असं आत सोडत नाहीत. पैसा आत सोडतात, मालकाला सोडत नाहीत? आणि भावाचं तर विचारूच नका. परदेशात कुणाला तरी उलटी झाली की इथं उस्मानपुऱ्यात माझा भाव पडतो. बैल आजारी पडला तर निदान गोठ्यात जाऊन अंगावर हात फिरवता येतो... इथं कुणाच्या अंगावर हात फिरवू? शेवटी केसरबाईनं मुदतच घातली. धोंड्याचा महिना संपायच्या आत माल दाखवा, नायतर पैसा काढा. मी शब्द दिला. बाजारातला माणूस मी, शब्द दिला म्हणजे दिला.

तर लागला धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी येतो, जावयाला बोलवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, हे तुम्हाला काय सांगायचं. आमचे जावई राजकुमार, लेकीचे, मोनालीचे मालक, वैजापूरला कांद्याचे आडते. माणूस म्हणजे देव. पण अंगानं... मागच्या धोंड्याला ते उठले तर पाट त्यांच्याबरोबर उठला. आणि जेवले असे की केसरबाई अजून गल्लीत सांगत फिरते.

या वेळी आले, बसले. भावकी पंगतीला. केसरबाईनं धोंडे वाढले, वर तुपाची धार. जावयांनी अर्धा खाल्ला आणि ताटावर हात आडवा धरला. म्हणाले, "बस, मामी."

जावयानं ताट सोडणं म्हणजे काय, कळतंय ना? म्हणजे मानपानात काहीतरी चुकलं. आमचा चुलतभाऊ सांडू लगेच शेजारच्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सासऱ्यानं काय कमी केलं म्हणायचं?" मी आग्रह केला. नाय. घास हातानं पुढं केला. नाय. आत केसरबाईचा पदर डोळ्याला, माझ्या हाताची चव गेली म्हणून. तेवढ्यात मोनाली माझ्याजवळ वाकली, म्हणाली, "आबा, जबरदस्ती करू नका. ते बारीक व्हायची सुई घेत्यात."

कोणती सुई? तिनं पिशवीतनं खोकं काढलं. प्रणयनं वाचलं. आपलीच कंपनी.

काय सांगू तुम्हाला... माल. माझा माल, माझ्याच पाटावर बसलेला. मी म्हणालो, "पाव्हणं, जरा उभं राहा." राहिले बिचारे. दारापर्यंत चालून या म्हटलं, आले. पुढनं बघितलं, मागनं बघितलं, बरगडीला हात लावला. लागली की. मागच्या धोंड्याला ती आहे का नाय हाच प्रश्न होता. दात तेवढे बघायचे राहिले, कारण मोनाली मधी आली. मग धोंडा उचलला, तूप निथळतंय, त्यांच्या नाकाखाली धरला. वास येतो? येतो, मामा. मग? मनच होत नाय, मामा.

असा आनंद मला खिल्लारी जोडी घेताना झाला नव्हता. म्हटलं, नका खाऊ, पाव्हणं, बिलकुल नका खाऊ. सांडूचा घास हातातच राहिला. सासरा जावयाला जेवू नको म्हणतोय, असं कुणी बघितलंय? मी आतल्या दाराकडं तोंड करून म्हणालो, "केसरबाई, बाहेर ये. माल बघ."

आली. बघितला. गालफडं बसलेली, सदरा खांद्यावरनं लोंबतोय. मी छाती काढून उभा. ती माझ्या अंगावरनं पुढं गेली, जावयापुढं खाली बसली, धोंड्यांची परात मांडीवर घेतली आणि म्हणाली, "राजकुमार, सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाय मी. तुमचं ताट झाल्याशिवाय घेणार बी नाय."

रडली नाय, ओरडली नाय. नुसती बसली.

जावई माणूस देव, सांगितलं ना. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नका. तिच्याकडं बघितलं... आणि डोळं मिटून उचलला की हो धोंडा. मग दुसरा. भूक नाय, मन नाय, कपाळाला घाम, पण खातायत. घासागणिक माझा भाव उतरतोय आणि मी वाढप्यासारखा उभा. वरनं केसरबाई मोनालीला सांगते, महिना संपेस्तोवर ती सुई बंद. जावई भरल्या तोंडानं म्हणाले, बरं, मामी. तर भावकीतल्या बाया एकेक उठल्या. एकीचा जावई परवा अर्ध्या ताटावरनं उठला होता, तिला वाटलं रुसला. दुसरीचा तर अनारशाकडं बघत बी नव्हता. म्हणजे सुईच असणार, थांब, आजच फोन लावते, बंद कर म्हणते... लावले बी.

संध्याकाळी केसरबाई चहा घेऊन आली. म्हणाली, बघितला तुमचा माल, खरा आहे, राहू द्या पैसा. मनापासून म्हणाली. आणि मी प्रणयला सांगितलं, सगळे वीक. तो म्हणाला, आबा, तुम्ही डोळ्यांनी बघितलं, आई हो म्हणाली, औषध शंभर टक्के लागू पडतंय, मग विकायचं कशाला?

अरे बाबा, लागू पडतंय. पण औषध भुकेवर आहे. सासूवर नाय.