मुंगूसशेठच्या गावात एक जून

न्हाई, तुम्हीच सांगा, शेळीला चिठ्ठी लिहायची म्हंजे नेमकं काय लिहायचं? 'साष्टांग दंडवत' लिहू, का 'इकडील सर्व क्षेम' लिहू?... खरी शेळी असती तर मूठभर शेंगाची टरफलं पुढं केली असती, काम फत्ते! पण ही टीव्हीतली. गुलाबी फ्रॉक घालणारी, शिंगाला फूल खोवणारी. तिला रोज भेटायचं, रामराम घालायचा, तिचा हरवलेला रुमाल हुडकून द्यायचा, वर चिठ्ठी टाकायची, कशासाठी? तर ती माझी जिगरी मैत्रीण झाली पाहिजे. माझी! मंठ्याच्या बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या भुजंगरावाची! गिऱ्हाइकाला कळलं तर तोंड दाखवायला जागा राहील का? आन् मला काय पाहिजे होतं? मला फक्त खेळायचं होतं हो!

ही सगळी कृपा आमच्या मेहुण्याची. संपत त्याचं नाव, पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत हाय. दोन हजार चार साल होतं, उन्हाळ्यात बहिणीला भेटायला आल्ता, संगं टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन, कुठून तरी परदेशातून आणलेलं. म्हणला, "दाजी, हे इथंच ठेवून जातो, दोन जूनला न्यायला येतो, तोवर खेळा." आता मला सांगा, मेहुणा जाताना काही ठेवून जातो, हे तुम्ही कुठं बघितलं का? तिथंच मला शंका यायला पाहिजे होती!

मला वाटलं, खेळ म्हंजे मोटारी असतील, ढिशुम ढिशुम असंल... लावला तर काय? गाव! एक गाव, त्यात आपलं एक घर, शेजारीपाजारी सगळी जनावरं, आन् दुकानदार कोण, तर एक मुंगूस. कोट घातलेलं! दुसरं काही न्हाई. झाडाची फळं पाडा, मासे धरा, गवत उपटा, शेजाऱ्याची इचारपूस करा. मी म्हणलं, "संपत, हे तर मी दार उघडलं तरी दिसतं, त्याला टीव्ही कशाला?"

तर तो कसा, बारीक आवाजात, कुणी ऐकंल म्हणून, "दाजी, खरी मजा आत हाय. त्या गावात जुन्या काळातलं खेळाचं मशीन मिळतं. ते आपल्या घरात मांडायचं, बटण दाबायचं, की त्याच्यातला खेळ खराखुरा चालू!" म्हंजे बघा, मशीनच्या आत गाव, गावात घर, घरात परत मशीन! मी म्हणलं, "त्या आतल्या मशीनमध्ये काय हाय?" म्हणला, "विमानाचा खेळ."

विमान म्हणल्याबरोबर मी टीव्हीजवळ सरकून बसलो...

तुम्हाला सांगतो, दहावीला मी जालन्याला मामाकडं शिकायला होतो. मामाच्या शेजारच्या पोराकडं तेच मशीन, तेच विमान. आम्ही सगळे त्याच्या दारात नंबर लावून बसायचो. तो म्हणायचा, "पुढचा डाव भुजंगाचा!" आन् माझा नंबर आला की आतून त्याची माय, "ए, बंद करा रे, टीव्ही तापला!" वर्षभर! टीव्ही बराबर माझ्याच नंबरला तापायचा. एकदा सुद्धा ते विमान माझ्या हातानं उडालं न्हाई. खोटं कशाला बोलू, बायकापोरांचा धनी झालो तरी त्याची हळहळ गेली न्हाई.

मंग मी इचारलं, "ते आतलं मशीन मिळतं कसं?" संपत म्हणला, "तुमच्या वाढदिवसाला. जो शेजारी तुमचा जिगरी असंल, तो दारावर येऊन भेट देतो. वर्षाला एकच मशीन येतं गावात. आन् त्या गावातलं घड्याळ आपल्या घड्याळाबराबर चालतं, म्हंजे त्या दिवशी खेळ लावलाच पाहिजे."

वाढदिवस! खेळ सुरू करतानाच त्यानं जन्मतारीख इचारली होती, मी डोळे झाकून दाबलं... एक जून. दुसरं काय दाबणार? आपल्याकडं शाळेत नाव घालायला पोराला नेलं की गुरुजी म्हणायचे, "डोक्यावरून हात घेऊन कान धर रे." धरला कान? लिहा एक जून! आमचा अख्खा वर्ग एक जूनचा. गुरुजी सुद्धा एक जूनचे! आन् मी म्हणलं वा, एक जूनला मशीन मिळणार, दोन जूनला संपत येणार, एक दिवस तर एक दिवस, विमान उडवलंच समजा!

झालं, लागलो कामाला. दुकान बंद केलं की घरी, घरी आलो की टीव्हीतल्या गावात. शेळीबाईसाठी मासे धर, फुलझाडं लाव, गवत उपट. कौसल्या, आमची बायको, कमरंवर हात ठेवून मागं उभी, "परसात गाजरगवत कमरंएवढं झालंय, ते दिसंना, आन् टीव्हीतलं गवत उपटून राह्यले! मी कधी सांगितलं तर पाठ धरती तुमची, शेळीनं सांगितलं की कशी वाकती हो?" आता हिला काय सांगावं? मला फक्त खेळायचं होतं हो!

बरं, चिठ्ठी इंग्रजीत लिहावी लागती. कौसल्या बारावी पास, इंग्रजी तिचं चांगलं. तिच्या हातापाया पडलो तेव्हा कुठं एक चिठ्ठी लिहून दिली, वर म्हणती, "तिला पेरू पाठवा, पेरू लई आवडतेत तिला." मी पाठवले. शेळी खूश! तेव्हा माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं का न्हाई, की हिला कसं ठाऊक? पण न्हाई आलं. माणूस शेळीच्या नादी लागला की बायकोकडं लक्ष राहात न्हाई.

उजाडला एक जून. उजाडला, आन् लाईट गेली! भारनियमन. कधी येईल ते बोर्डालाच ठाऊक. मी दुकानात. पेरणीच्या आधीचे दिवस, दारात पंपांची रांग. रखमाजी म्हणून आमचं आष्टीचं जुनं गिऱ्हाईक, त्याचा पंप सगळा खोलून ठेवलेला, वॉशर माझ्या हातात, आन्... डोक्यावरचा पंखा फिरला! लाईट! तुम्हाला सांगतो, वॉशर हातात घेऊन मी जे पळालो ते थेट घरापर्यंत! मागून रखमाजी, अर्धा पंप काखेत मारून, "भुजंगराव! अहो माझा वॉशर! कुणाला काही झालं का?" मी पळता पळताच, "वाढदिवस हाय माझा!" तो बी पळता पळताच, "माझा बी आजच हाय! म्हणून काय पळायचं असतं का?"

घरात पाय टाकला, तर टीव्ही चालू. समोर कौसल्या बसलेली, मांडी घालून. मी टीव्हीकडं बघितलं, तर एक घर, माझं न्हाई, माझ्यापेक्षा मोठं, खिडक्यांना पडदे, दारात गुलाब... आन् दारावर आमची शेळी! माझी शेळी! केक घेऊन! कौसल्या वाचून राह्यली, "प्रिय कौसल्या, तुझ्या वाढदिवसाची भेट..."

मी म्हणलं, "तुझा वाढदिवस?"

"मंग! मी काय शाळेत गेल्ते न्हाई का? डोक्यावरून हात घेऊन मी बी कान धरल्ता!"

मी दुकानात गेलो की ही रोज गावात! त्या एकाच गावात चार जणांना घरं घेता येतात, हे मला कुठं ठाऊक? स्वतःचं घर, स्वतःचं नाव, तीच एक जून, आन् माझ्याच शेळीशी दोस्ती! शेळीनं दिलेला भेटीचा डबा उघडला, तर आत... तेच मशीन. तेच! तिनं घरात मांडलं, बटण दाबलं, आन् ते विमान उडालं की हो! रखमाजी वॉशर इसरला, दारातच पंपावर बसून, "वहिनी, उजवीकडून... उजवीकडून या!" मी हळूच म्हणलं, "माझं घर लाव की, मला बी भेट येईल." लावलं. माझ्या दारावर कोण? बेडूक. काय दिलं? बनियन! वर्षाला एकच मशीन, आन् ते गेलं एक जूनच्या पहिल्या माणसाला!

मी तिच्या शेजारीच मांडी घातली. तर ती, डोळे टीव्हीवर, काय म्हणावं? "हा एवढा होऊ द्या, पुढचा डाव तुमचा."

आन् लाईट गेली.

दुसऱ्या दिवशी संपत आला. ऐकून हसून हसून लोळला, "दाजी, खेळ बनवणाऱ्याला काय ठाऊक, आपल्याकडं अख्खं गाव एक जूनचं असतं!" मशीन गुंडाळायला लागला, तर कौसल्यानं वायर धरली. "ठेव तिथं. भाऊबीजेची ओवाळणी समजते." आता बहिणीनं ओवाळणी म्हणल्यावर भाऊ काय करणार? ठेवली. मी म्हणलं, चला, मशीन घरातच राह्यलं, आता विमान माझं! तर म्हणती, "ओवाळणीच्या वस्तूला नवऱ्यानं हात लावायचा नसतो." असं कुठं असतं? कोण म्हणतं? तीच म्हणती!

एवढ्यात आमची माय, चांगुणाबाई तिचं नाव, खाटेवर तंबाखू मळत सगळं ऐकून राह्यली होती, ती म्हणली, "भुजंगा, तू कुठला रे एक जूनचा? तू तर पोळ्याच्या करीचा. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी तुझा बाप बैलाच्या झुली घडी घालून राह्यल्ता, आन् तू ट्यांहां केलं."

"माय! आता सांगती?"

"तू कवा इचारलं?"

पोळ्याची कर! सांगतो तुम्हाला, अंगावर मूठभर मांस चढलं. ना कौसल्येचा, ना संपतचा, ना रखमाजीचा, निव्वळ माझा एकट्याचा वाढदिवस! म्हणलं, "संपत, बदल तारीख, जल्दी!" तर तो मान हलवून, "न्हाई बदलत दाजी. एकदा लिहिली की लिहिली. बदलायची तर अख्खं गाव पुसावं लागंल." आन् मागून कौसल्या, "माझ्या गावाला हात लावून तर बघा!"

आता मला सांगा, शाळेतली तारीख चुकली तर माणूस स्टॅम्पपेपर घेतो, हेलपाटे मारतो, सायबाच्या पाया पडतो, पण कधी ना कधी बदलून आणतो का न्हाई? मुंगूसशेठच्या त्या गावात सगळं हाय बघा, दुकान हाय, टपाल हाय, समुद्र सुद्धा हाय... मला फक्त खेळायचं होतं हो, पण जाऊ कुणाकडं? त्या गावाला तहसीलच न्हाई!