पहिल्या वाक्याचं काय करायचं

...तर तेच मी मघाशी बाहेर चपला काढताना सांगून राह्यलो होतो, की काकूंची ओळख नुसती 'रिटायर्ड हेडक्लार्क' म्हणून करून देऊ नका. नमस्कार. काकूंच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात. माझं मराठी इंग्लिश मीडियमचं, आणि आज बोलणं तसंही अवघड आहे. अडखळलो तर सांभाळून घ्या.

पुसदच्या या हॉलमध्ये बसलेल्या किती जणांना माहीत होतं, की सुमनकाकू रोज दुपारी इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लिहायच्या? कोणीही लिहू शकतं, असा ज्ञानकोश. मलाही त्यांनीच लावलं. मी म्हटलं, काकू, कोणता लेख लिहू? तर म्हणाल्या, "लेख राहू दे. आधी चर्चा पान वाच."

प्रत्येक लेखामागे असं एक चर्चा पान असतं. लेखात काय बदलायचं, काहून बदलायचं, ते तिथं बोलायचं. काकू लेख लिहायच्या पुस्तकी मराठीत, आणि चर्चा पानावर भांडायच्या वऱ्हाडीत.

आपल्या जिल्ह्याच्या लेखाचं पहिलं वाक्य होतं, 'कापसासाठी आणि शेतकरी आत्महत्यांसाठी ओळखला जाणारा जिल्हा.' आत्महत्यांचे शब्द उमरखेडकडच्या एका माणसानं खोडले. काकूंनी परत टाकले. त्यानं परत खोडले. काकूंनी पुन्हा टाकले, आणि मग चर्चा पानावर लिहिलं, "दादा, खोडू नका. इथं या. मले काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण खाली सही करा. सही नसली तर कोण बोलून राह्यलं, कसं समजन?"

ते आले. गजाननदादा. घरची कापसाची शेती. सही केली आणि लिहिलं, "माही पोरगी पुण्याले होस्टेलात राह्यते. जिल्हा सांगतला का पोरी मोबाइलवर पाह्यतात. पहिलं काय दिसते? मरण. जिल्ह्याची ओळख मरणानं कायले, मॅडम?"

काकू म्हणाल्या, "मॅडम नका म्हणू. खरं हाय म्हणून लेहलं. खाली ढकललं तर वाचन कोण?"

"तुमच्या घरी कापूस हाय का?"

"वातीपुरता हाय."

असं बरेच महिने चाललं. दोघं एकदाही भेटले नाहीत. पण या पानावर आल्यापासून दोघांपैकी कोणी लेखाला हात लावला नाही. बोलणं संपल्याशिवाय बदलायचं नाही, हे दोघांनीही पाळलं.

जाण्याआधी काकूंनी तिथं शेवटचं लिहिलं, "पोरीचं मले पटलं. पहिल्या वाक्यातून ते काढू. खाली वेगळा भाग करू, संदर्भासकट, नीट. गजाननदादा, चालते का?"

उत्तर आलं नाही. वेचणीचे दिवस होते. मग काकू गेल्या. ती बातमी मी त्याच पानावर टाकली.

आज गजाननदादा आले आहेत. मागच्या रांगेत बसलेत. दादा, हात वर करा ना जरा.

मघाशी ते मला म्हणाले, "ठेवा ते वाक्य. यंदा बोंडअळीनं वावर खाल्लं, इचारायले कोणी आलं नाही. वरतं लेहलं असन तर वाचतीन तरी. आन् पोरगीच म्हणते, बाबा, राहू द्या, मी सांगीन त्यायले."

म्हणजे बघा. काकूंना दादांचं पटलं, दादांना काकूंचं. दोघांनी बाजू बदलली, आणि भांडायला एकच जण उरला.

आता आपण उभं राहून दोन मिनिटं शांत राहू. फक्त एक अडचण आहे. चर्चा पानावर कोणीच काही बोललं नाही, तर सगळ्यांना मान्य आहे असं धरतात. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तसं जावं, हे मला पटत नाही. म्हणून शांतता झाली की लगेच घरी निघू नका. टेबलावर लॅपटॉप चालू आहे, पान उघडं आहे. दादा बोलतील, तुम्ही बोला, मी टाइप करतो.

सांगा, आपल्या जिल्ह्याच्या पहिल्या वाक्यात काय असावं, तुम्हाला काय वाटतं?