बारा पस्तीसचं महाबळेश्वर

...आणि वर मलाच विचारतेत, "काय गफारभाई, थंडी कशी होती?" थंडी! चौकात चहाला बसलो की थंडी, नमाज पढून बाहेर आलो की थंडी, परवा दाढी करायला गेलो तर तो न्हावी म्हणतो, "चाचा, शाल आणू का?" कळंबात! भर एप्रिलात! हसा, तुम्हीपण हसून घ्या... जन्मभर मी लोकांच्या नकला करून हसवलं, आता लोक माझी नक्कल करतेत, आणि चांगली करतेत हो, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

पण तुम्हाला सांगतो, ही सगळी उसन्या नावांची करणी. आमच्या कळंबचंच घ्या की. एक आमचं, एक तिकडं यवतमाळकडं, एक मंचरच्या बाजूला, आणि एक समुद्राच्या काठाला बी हाय म्हणतेत, ते काय मी बघितलं न्हाय. वाशी घ्या! आमची वाशी आणि मुंबईकडची वाशी, आता ह्यात कुणी कुणाचं नाव घेतलं ते त्यांचं त्यांना माहीत, पण निस्तरायचं कुणी? कंडक्टरनं! एकतीस वर्षं एसटीत होतो मी. स्वारगेटला कुणी म्हणलं "कळंब द्या", की तिकिटाला हात लावायच्या आधी मी विचारायचो, "कोणतं कळंब?" एकदा प्रेमाबाई म्हणून एक म्हातारी चढली, ती माझ्यावरच खवळली, "कळंब म्हंजे कळंब! माझं माहेर हाय ते, तू नको शिकवू मला!" मी म्हणलं, आजी, माहेरच्या शेजारचं एखादं गाव सांगा. तिनं सांगितलं... यवतमाळकडचं! उतरवली, बोचकं घेतलं, तिच्या गाडीत नेऊन बसवली, तिनं माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. म्हंजे एकतीस वर्षं मी सगळ्या जगाला विचारलं, कोणतं, कोणतं, कोणतं... आणि स्वतःची वेळ आली तवा? विचारायला काय जीभ झिजली असती का माझी?

थांबा, आधी श्रीमंत सांगतो, न्हायतर तुम्हाला काय कळायचं न्हाय. श्रीमंत म्हंजे माझा ड्रायव्हर. तसा तो महामंडळाचा ड्रायव्हर, पण एकोणीस वर्षं एका गाडीवर काढली की ड्रायव्हर आपलाच होतो. ह्या माणसाची एकच खोड, कंडक्टरची डबल बेल पडल्याशिवाय गाडी हलवायचा न्हाय. नियम सगळ्यांनाच हाय हो, पण बाकीचे आरशात बघतेत, दार आपटलं की निघतेत. श्रीमंत? गाडीत एक पाशिंजर नसू दे, मी त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसलेला असू दे, म्हणायचा, "बेल दे." अरे, मी इथं तुझ्या मांडीला मांडी लावून बसलोय! "असशील. बेल दे." मग मी उठून मागं जायचो, दोरी ओढायचो, टिंग टिंग, तवा गाडी निघायची.

त्याची पोरगी वर्षाराणी, एकुलती एक. सहा वर्षांची होती तवा सुट्टीत आमच्याबरोबर गाडीत यायची. माझ्या सीटवर उभी राहायची, दोरीला हात पुरायचा न्हाय, मी उचलून धरायचो. तिनं बेल दिली की श्रीमंत पुढून ओरडायचा, "आज कंडक्टर बदलला का रं?" आणि मुकाट गाडी सोडायचा. तवाच बोलला होता, "गफार, हिच्या लग्नात अंतरपाट धरला की बेल तू द्यायची. तुझ्या बेलशिवाय अक्षता पडायच्या न्हायत." मी म्हणलं, दिली. शब्द दिला हो मी.

आणि मग माझं हे तोंड! सात वर्षं झाली, श्रीमंत रिटायर झाला, डेपोत निरोपसमारंभ, साहेब बसलेले, त्याचे सगळे सोयरे फेटे बांधून आलेले, त्याच्या छातीला बिल्ला, पंचवीस वर्षं अपघात न्हाय म्हणून मिळालेला, सकाळपासून दहा वेळा पुसलेला. मला म्हणले, गफारभाई, चार शब्द बोला. चार बोलून बसायचं का न्हाय? मी उभा राहिलो, श्रीमंतची नक्कल केली, लोक हसले, मला चव लागली... आणि मी सांगून टाकलं, एकदा पहाटं घाटात ह्याचा डोळा लागला होता, मी कान धरून उठवला म्हणून सगळे वाचले! लोक पोट धरून हसले. श्रीमंतनं बिल्ल्यावर हात ठेवला, आणि तो हात त्यानं शेवटपर्यंत काढला न्हाय.

खरं सांगू? झोप लागलीच नव्हती त्याला. डोळ्यात कचरा गेला होता, त्यानं गाडी कडंला घेतली, रुमालानं डोळा पुसला, निघाला. एवढंच. बाकीचं मी टाळ्यांसाठी लावलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. मी माफी मागायला गेलो का? न्हाय. म्हणलं, मस्करी होती, येईल आपोआप. सात वर्षं मी त्याच्या यायची वाट बघितली आणि त्यानं माझ्या. 

आणि मग ह्या मार्चात त्याचा निरोप आला! आमच्या एसटीत निरोप फोननं जात न्हायत, चिठ्ठीनं बी न्हाय, ड्रायव्हरच्या तोंडी जातेत. स्टॉपचं नाव आणि टाइम, बास. तसा स्टँडवर मला माणिकप्पा दिसला. माणिकप्पा म्हंजे आत्ताचा ड्रायव्हर, उमरग्याकडचा, एकेक शब्द तोलून बोलणारा. खिडकीतनं म्हणला, "गफारभाई... श्रीमंतनं सांगितलंय... वर्षाराणीचं लग्न... चैत्रातला पयला रविवार... महाबळेश्वर... बारा पस्तीस... बेल तू द्यायची." आणि गाडी घेऊन गेला. तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्याला पाणी आलं, तिथं स्टँडवर, शेंगावाल्यासमोर. सगळ्या जगाला पत्रिका वाटल्या त्यानं, आणि मला आमच्या पद्धतीनं ड्युटी लावली!

आता माणिकप्पाला महाबळेश्वर म्हंजे रोजचा स्टॉप. मला काय माहीत? मी सहा वर्षं घरात, गुडघे धरून. मला महाबळेश्वर म्हंजे महाबळेश्वर, डोंगरावरचं! जावई पुण्याला कंपनीत, आजकाल लोक डोंगरावर जाऊन लग्नं लावतेतच की. बायको म्हणली, फातिमाबी माझी, ती घरात दखनीच बोलती, "अजी, एक बार पूछ तो लेव." मी म्हणलं, कंडक्टरला स्टॉप विचारायला लावतेस? ती म्हणली, "पूछने में क्या जाता?" तेच तर मी म्हणतो! विचारायला काय जीभ झिजली असती का माझी? पण मनात दुसरंच होतं हो. सात वर्षांनी फोन करायचा, आणि पहिला शब्द काय? चुकलो न्हाय, कसा हायस न्हाय, पत्ता सांग? मला ते समोरासमोर बोलायचं होतं. बेल द्यायची, आणि मग बोलायचं. जुन्या बाजारातनं पितळी घंटी घेतली, चिंच लावून घासली, रुमालात बांधून खिशात ठेवली.

शनिवारी सकाळी फातिमाबीला घेऊन निघालो, अर्ध्या तिकिटावर. कळंब सोडून आठ किलोमीटर गेलो, आमच्या वेळी तिथं खडी क्रशर म्हणून स्टॉप होता, नुसता फुफाटा... तिथं गाडी अडली. मांडवाच्या गाड्या आडव्या, गेटवरची पाटी झाकून झेंडूची कमान चढत होती, सिमेंटचा धबधबा, त्याच्यात टँकरनं पाणी सोडत होते. पाच मिनिटं झाली, सात झाली, मी खिडकीतनं डोकं काढून खवळलो, "कुणाचं लग्न हाय रे? रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?" कमानीवर चढलेला माणूस हसून म्हणला, "चाचा, उद्या या की जेवायला!" खरंच म्हणला हो. आणि मी त्याला काय म्हणलं? "मला दुसऱ्या लग्नाला जायचंय."

बार्शीला बदलली, साताऱ्याला भाचीकडं मुक्काम केला, रविवारी अकराला महाबळेश्वर. काय ते धुकं, काय ते घोडे! फातिमाबीनं डोक्यावरनं दोन पदर घेतले तरी दात वाजत होते. तीन हॉटेलं पालथी घातली. एका ठिकाणी खरंच लग्न होतं, नवरा टोपी घालून आलेला, इंग्रजी टोपी! त्याच्या मामाला मी म्हणलं, मी कंडक्टर, बेल द्यायला आलोय. त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणला, "गाडी खालच्या अंगाला लावा, इथं पार्किंग नाही."

बारा वीस झाले. बारा तीस. आणि फोन वाजला. वर्षाराणी!

"काका, कुठं हाव तुम्ही? अप्पा थांबलेत."

"अगं, महाबळेश्वरलाच हाय की बाई, तासभर फिरतोय!"

"आम्ही बी महाबळेश्वरलाच हाव! धबधब्याजवळ या."

"इथं धबधबा कुठला? तळं हाय. घोडे हायत."

"घोडे?" मग ती हळूच म्हणली, "काका... महाबळेश्वर मंगल कार्यालय. येरमाळ्याच्या रोडला. तुमचं ते खडी क्रशर."

तुम्हाला सांगतो, ते कळलं तवा मला थंडी वाजली. तोपर्यंत न्हाय. शिवशंकर शेठनं म्हणं चार वर्षांमागं तिथं कार्यालय बांधलं, कूलर लावले, धबधबा केला आणि नाव दिलं महाबळेश्वर. मग शेजारच्या टपरीवाल्यानं घेतलं, मग स्टॉपला पडलं, आता बेंबळीत बी एक हाय म्हणतेत, उसाच्या रसाचं! अरे, बाभळीला नाव दिलं असतं, दगडाला दिलं असतं, तिथलं नाव तिथं काय कमी होतं का? खडी क्रशर महाबळेश्वर म्हणलं असतं तरी पोचलो असतो मी!

पण खरी चूक ती न्हाय. नावाला शिव्या घालतो मी चौकात, ते लोकांसाठी. खरी चूक तुम्हालाच सांगतो. पोरगी म्हणली, "थांबा काका, अप्पांना देते." मागं सनई, भटजींचा आवाज, गलका... आणि त्यात त्याचा आवाज आला. सात वर्षांनी. एकच शब्द.

"गफार?"

घंटी माझ्या खिशात होती. चिंच लावून घासलेली. फोनजवळ धरून दोनदा वाजवली असती, न्हायतर तोंडानं म्हणलं असतं, टिंग टिंग. तीनशे काय, पाचशे किलोमीटरवरून अक्षता पडल्या असत्या हो! आणि मी काय केलं? मला लाज वाटली. म्हणलं, आता हा सगळ्यांत हसणार, सोयरे हसणार, कंडक्टर स्टॉप चुकला... मी फोन कट केला. मी! लोकांना हसवायला त्याची अब्रू काढताना मला लाज वाटली न्हाय, आणि स्वतःवर हसतील म्हणून वाटली.

पुढचं माणिकप्पानं सांगितलं. पंचवीस मिनिटं मुहूर्त धरून ठेवला श्रीमंतनं. भटजी घड्याळ दाखवत होते, व्याही कुजबुजत होते, हा आपला गेटाकडं बघत उभा. छातीला बिल्ला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "माझा कंडक्टर यायचाय." शेवटी अंतरपाट धरणाऱ्याचे हात दुखायला लागले, तवा म्हणला, "पाशिंजर खोळंबलेत. सोडा गाडी." बेल न घेता सोडलेली त्याची पहिली गाडी ती.

आठ दिवसांनी गेलो त्याच्या घरी, येरमाळ्याला. पोरीसाठी स्ट्रॉबेरी घेतली होती, तिचा साताऱ्यापर्यंतच लगदा झाला, म्हणून मुरंब्याची बाटली घेतली. हरणाबाईंनी, त्याच्या मालकिणीनं, पाणी दिलं, चहा दिला, "फातिमाबींना आणायचं होतं" म्हणल्या. मी श्रीमंतला सगळं सांगितलं, घोडे, टोपीवाला नवरा, पार्किंग... हरणाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. तो बी थोडा हसला. मग मी म्हणलं, "घाटात तुला झोप लागली नव्हती. मी खोटं बोललो. चुकलो." तो म्हणला, "मला माहीत होतं ते. मी झोपलो न्हवतो हे मला माहीत असणारच की." आणि बाटलीचं झाकण फिरवायला लागला. 

"स्टॉप चुकलास, ते चालतंय," म्हणला. "फोन का कट केलास?"

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं लोकांना उत्तरं दिली मी, सुट्ट्यापासून सामानापर्यंत. आणि ह्याच्यापुढं नुसता चहा संपवला आणि उठलो. दारापर्यंत आला तो, "येत जा" म्हणला. म्हणायचं म्हणून म्हणला का खरंच, ते विचारायला पुन्हा माझी जीभ काय उचलली न्हाय. पुढच्या लग्नात बेल देतो म्हणावं, तर पोरगी एकुलती एक.

येताना एसटीनंच आलो. कंडक्टर पोरगी होती, मोनिका नाव, छातीवर लिहिलेलं, नवीनच लागलेली दिसली. माझे पांढरे केस बघून जवळ आली आणि वाकून म्हणली, "आजोबा, महाबळेश्वर आलं. उतरायचंय का?" खिडकीतनं बघितलं. धबधबा बंद होता, टँकर आला नसंल. कमानीला वाळलेला झेंडू तसाच.

मी म्हणलं, "न्हाय बाई. मी जाऊन आलोय."

ती हसली. दोरी ओढली, टिंग टिंग, आणि गाडी निघाली की हो... एवढंच तर काम होतं.