विहीणबाईंचा पहिला फोन

अवो, आमच्या सेलूच्या इंग्रजीच्या क्लासात परवा काय झालं, ते ऐका तर!

संध्याकाळी विहाराच्या हॉलात आमी दहा-बारा बाया शिकायला बसतो. त्यातल्या शांताबाई कापसाच्या जिनिंगमधे कामाला जातात. त्यांची पोरगी बंगळुरूला नर्स हाय अन् तिचं लग्न ठरलंय केरळच्या पोराशी. विहीणबाईंना मराठी येत न्हाई, यांना मल्याळम. म्हणूनच शांताबाईंनी पंचावन्नाव्या वर्षी क्लास लावला.

परवा ऐन क्लासात विहीणबाईंचा पहिला फोन आला. शांताबाईंनी वाजता फोन सरांपुढं धरला. सर म्हणाले, "उचला, घाबरू नका." शांताबाईंनी स्पीकर लावला. आमी सगळ्या फोनाभवती गोळा.

"हॅलो! माय नेम इज शांताबाई!"

"माय नेम इज मेरी! हाऊ आर यू?"

"आय ॲम फाइन!"

बस्स. आमचं शिकलेलं तिथंच संपलं. तिकडचंबी संपलं असावं, पुन्हा 'हाऊ आर यू?'च आलं. फळांची नावं तेवढी पाठ होती, पण विहिणीला केळं-पेरू काय सांगणार?

शांताबाईंनी डोळे मिटले अन् एकदम बोलल्या, "माय डॉटर... युवर डॉटर!"

तिकडनं रडवेला आवाज आला, "माय सन! माय सन, युवर सन!"

आमी अशा टाळ्या पिटल्या की बस! सर हळूच म्हणाले, "शांताबाई, मधे 'इज' राहिलं."

डोळे पुसत त्या म्हणल्या, "राहू द्या सर, विहीणबाईंनीबी न्हाई लावलं."