हिराबाईचं घरकुल

बायकोचं नाव विसरलेला नवरा मी आमच्या तिकोणा पेठ गावात पाहिलाय. मी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत बसलो होतो. तिथं बबनभाऊ घरकुलाची यादी बघून ग्रामसेवकावर तापले.

"घर बायकोच्या नावावर निघतं, ठाव हाय मला. पन माजं नाव लावणारी ही हिराबाई कोन? माज्या बायकोचं नाव सुनीता!"

शेजारी उभ्या वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मीच ती. माहेरचं नाव हाय, आधारला तेच हाय."

भाऊ ग्रामसेवकाला म्हणाले, "बदला ते. लग्नात मी तांदळात सुनीता लिवलंय."

वहिनींनी पेन उचललं, यादीत आपल्या नावापुढं सावकाश 'हिराबाई' अशी सही केली आणि म्हणाल्या, "त्या तांदळाचा कवाच भात झाला."