पोरीच्या स्क्रीनवरच्या खिडक्या

अवो, माही पोरगी पुण्याले कम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. परवा दुपारी मी सुपात मोहफुलं निवडून राह्यली होती, तं तिचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी रडकुंडीले आलेली.

"आई, संध्याकाळपर्यंत काम द्याचं हाय. स्क्रीनवर पंचवीस खिडक्या उघड्या हायेत, चूक कुठी हाय तेच सापडत नाई."

"मंग नको त्या काऊन ठेवल्या? मी कचरा काढतो तशी एकेक काढ."

तिनं एकेक बंद केली. चेहरा निवळला.

"आता दोनच राह्यल्या. एक कामाची, एक तुही."

"मंग मले बी बंद कर."

"तुले नाई," म्हणे, अन् कामाले लागली.

दोन तास ती बटनं दाबत राह्यली, कॉल तसाच चालू. माही मान अखडली, पण पाणी प्याले बी मी मोबाईलसमोरून उठली नाई.